विहिरीचा गारवा घरात आणता येईल का? जमिनीशी जोडलेल्या हीट पंपाविषयी (सातारा-सांगली)

मळ्यातले_घर

नमस्कार मंडळी. कोरेगावजवळच्या आमच्या मळ्यात घर बांधायचे ठरले आहे. दिवाळीनंतर जोत्याचे काम सुरू होईल, त्यामुळे जमिनीखाली जे काही घालायचे आहे ते आत्ताच ठरवावे लागेल. थंड देशांत जमिनीशी जोडलेल्या हीट पंपावर (एका जागची उष्णता उचलून दुसरीकडे टाकणारे विजेवरचे यंत्र) घरे उबदार ठेवतात आणि उन्हाळ्यात तीच यंत्रणा उलटी फिरवून गारही करतात, हे वाचल्यापासून विषय मनातून जात नाही. त्याला कारण आमची विहीर आहे. आजोबांनी खणलेली, दगडी बांधणीची आणि २६ फूट व्यासाची ही विहीर वैशाखातल्या दुपारी पायऱ्यांवर बसणाऱ्याला गार हवा देते, आणि पौषातल्या पहाटे मोटर सुरू केली की पाटात पडणाऱ्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीच्या पोटात अठराव्या शतकात महाल बांधला गेला, तेव्हा बांधणाऱ्यांनाही हा गारवा ठाऊक असणार.

यंदा मी मोजून पाहिले. बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली तळाशी गेल्यावर बूच ओढले आणि वर काढताक्षणी तापमापक आत घातला. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता सावलीतली हवा ३९ अंश सेल्सिअस होती, पाण्याचा वरचा थर २८ आणि तळाचे पाणी २६. जानेवारीत पहाटे हवा १२ अंशांवर असताना तळाचे पाणी २५ भरले होते. म्हणजे वर्षभरात हवा २७ अंशांनी हलली आणि विहिरीचा तळ एकाच अंशाने.

माझी समजूत अशी आहे की साधा एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, आणि ती हवाच चाळीस अंशांची असली की कॉम्प्रेसरला फार वर चढावे लागते. तीच उष्णता २६ अंशांच्या जमिनीत किंवा पाण्यात टाकली तर चढ कमी, आणि वीजही कमी. ही समजूत बरोबर असेल तर आपल्याकडे हे कुणी करत का नाही? विहीर वापरावी, बोअर मारावी की जोत्याच्या आजूबाजूला चर खणून पाइप पुरावेत? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कराडची_लेक

दादा, मी मूळची कराडची असून बरीच वर्षे स्वीडनमध्ये राहते. आमचे घर अशाच पंपावर चालते. अंगणात १७० मीटर खोल एक बोअर आहे, तिच्यात इंग्रजी यू अक्षरासारखा वळवलेला पाइप सोडलेला आहे आणि पाइपातून पाण्यात अल्कोहोल मिसळलेला द्रव फिरतो. अल्कोहोल अशासाठी, की हिवाळ्यात तो द्रव शून्याच्या आसपास येतो आणि नुसते पाणी गोठले असते. येथे ही यंत्रणा घरोघरी दिसते, त्यामुळे तिचे कौतुक कुणाला वाटत नाही.

परंतु येथले आकडे कोरेगावला जसेच्या तसे लावू नका, एवढे कळकळीने सांगते. थोड्या खोलीवर गेले की जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ स्थिरावते. आमच्या भागात ते सात अंश आहे आणि खोली आम्हाला एकवीस अंश हवी असते. हिवाळ्यात बाहेर उणे पंधरा असताना सात अंशांची जमीन म्हणजे उबेचा साठाच. पंप तेथून उष्णता उचलतो आणि फरशीखालच्या नळ्यांना पस्तीस अंशांचे पाणी देतो. वापरलेल्या एका युनिटमागे चार युनिटांइतकी ऊब मिळते ती यामुळे. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसते बोअरचे पाणी फिरवले तरी घर गार होते, कारण सात अंश म्हणजे खोलीपेक्षा पुष्कळच थंड.

तुमची जमीन २६ अंशांची, आणि खोलीही तुम्हाला २६ अंशच हवी. नुसते पाणी फिरवून काहीही मिळणार नाही, कॉम्प्रेसर लागणारच. साताऱ्याची जमीन हा थंडाव्याचा साठा नसून उष्णता टाकायची बरी जागा आहे, इतकेच म्हणता येईल. दुसरा फरक खडकाचा आहे. आमच्याकडचा ग्रॅनाइट उष्णता चांगली वाहून नेतो. दख्खनचा काळा बसाल्ट त्याच्या साधारण निम्म्याने वाहून नेतो, म्हणून तितक्याच कामाला तेथे बोअर जास्त लागेल.

तासगाव_शीतगृह

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी बेदाण्याच्या शीतगृहांची यंत्रे सांभाळतो, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या बाजूने थोडे लिहितो.

मे महिन्यात दुपारी बाहेर ४० अंश असताना हवेवर चालणाऱ्या एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, ५२ ते ५५ अंशांवर काम करतो. तोच कंडेन्सर तीस अंशांच्या पाण्यावर ठेवला तर चाळीसच्या आत राहतो. खोलीच्या बाजूला एसीतला वायू आठ-दहा अंशांवर उकळत असतो, म्हणजे एकीकडे कॉम्प्रेसरला ४४ अंशांचा चढ आहे आणि दुसरीकडे तीसचा. यातून साधारण एक तृतीयांश वीज वाचते. हा फायदा खरा आहे, पण तो दुपारचा आहे. रात्री अकरानंतर आपल्याकडची हवा २४-२५ वर येते, तेव्हा हवेवरचा एसीदेखील तितक्याच सुखाने चालतो. जे लोक एसी फक्त झोपताना लावतात त्यांना जमिनीच्या पाइपाचा उपयोग जवळजवळ शून्य.

आता हिशेब मांडू. दीड टनाचा एक एसी, कॉम्प्रेसरची सरासरी ओढ एक किलोवॉट, रोज आठ तास, ९० दिवस : एकूण ७२० युनिटे. त्यातली एक तृतीयांश वाचली तर २४० युनिटे. युनिटला दहा रुपये धरू. वर्षाला २,४०० रुपये. दीड टनासाठी बसाल्टमध्ये ४०० फुटांच्या आसपास बोअर लागेल, आणि फुटाचा दर आपण सगळे जाणतो. शिवाय पाइप आणि भराव वेगळाच. हे पैसे एसीच्या बचतीतून एका पिढीत तरी फिटतील का, याची मला शंका आहे.

मात्र एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही, ती म्हणजे अंघोळीचे पाणी. पाच माणसांच्या घराला १५० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे साडेचार युनिटे लागतात. गीझर ती पूर्ण घेतो, हीट पंप दीड युनिटात तेच काम करतो. रोज तीन युनिटे वाचली तर तीनशे दिवसांत ९००, म्हणजे एसीच्या बचतीच्या जवळजवळ चौपट! आपल्याकडे घर तापवायची गरज नाही हे खरे असले, तरी प्रत्येक घरात वर्षभर काहीतरी तापवले जातेच. पूर्वी ते बंबात चिपाडे घालून तापत होते, एवढाच फरक. एसी चालू असताना खोलीतून काढलेली उष्णता आधी पाण्याच्या टाकीला द्यावी आणि उरलेली जमिनीला, अशी जोडणी करता येते, आणि माझ्या मते आपल्या भागात या यंत्राचे समर्थन करायचे असेल तर ते तेथूनच सुरू व्हायला हवे.

माणदेशी

तासगावकर दादा, मग सौर बंबाचे काय? आमच्या दहिवडीकडे वर्षातले नऊ-दहा महिने लख्ख ऊन असते आणि त्यावर पाणी फुकट तापते. दुसरे असे की आमच्याकडे वावरात कोरड्या गेलेल्या बोअर पडून आहेत. त्यांत पाइप सोडता येईल का?

तासगाव_शीतगृह

सौर बंब असेल तर पाण्याची बचत माझ्या हिशेबातून वजा करा, हे प्रामाणिकपणे मान्य. ज्यांचे छप्पर झाडीखाली आहे किंवा ज्यांच्याकडे पावसाळा लांबतो, पाटण, जावळी, महाबळेश्वर, त्यांच्यासाठी हीट पंपाचे पारडे जड होते.

माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तेथे एप्रिलमधली दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताटीचा साधा कूलरदेखील ४० अंशांची हवा सव्वीस-सत्तावीसपर्यंत आणतो. बोअर मारून जे तापमान मिळणार तेच पाण्याच्या बाष्पीभवनातून मिळते. अडचण पाण्याची आहे. एक टनाच्या एसीची उष्णता पाणी उडवून टाकायची तर तासाला साडेसहा लिटर पाणी लागते, आणि ज्या गावात टँकर येतो तेथे हे सांगायलाही जीभ धजत नाही. बंद पाइपातले पाणी संपत नाही, हा जमिनीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा मला वाटतो.

कातळ_आणि_मुरूम

कोरड्या बोअरविषयी मी लिहितो. बोअरवेलच्या गाडीवर माझी वीस वर्षे गेली आहेत, आणि कवठेमहांकाळ-जत भागात पाणी न लागलेल्या बोअर पाहताना शेतकऱ्याचा उतरलेला चेहरा जवळून पाहिला आहे. ती बोअर कशाच्या तरी कामी यावी ही माणदेशी दादांची भावना मला पटते. होय, तिच्यात पाइप सोडता येतो. पण कोरड्या बोअरमध्ये पाइपाभोवती हवा असते, आणि हवा उष्णता जाऊ देत नाही. म्हणून बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि बारीक वाळूचा घोल तळापासून वर भरत आणावा लागतो. वरून ओतला तर मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. साडेसहा इंची बोअर ९० मीटर भरायची तर जवळजवळ १,८०० लिटर घोल लागेल. हे काम घाईने उरकले तर पुढे दुरुस्तीला जागाच उरत नाही.

पाइप सोडतानाची गंमत नव्या माणसाला कळत नाही. एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा पाइप, पाण्यापेक्षा हलका असतो. बोअरमध्ये पाणी असेल आणि पाइप रिकामा असेल तर तो खाली जायलाच तयार नसतो, तरंगून वर येतो. पाइप आधी पाण्याने भरायचा, खालच्या वळणाला लोखंडी वजन बांधायचे, दोन्ही टोके बंद करून दाब द्यायचा आणि दाब धरून राहिला तरच सोडायचा. दोन बोअरमध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवावे, नाहीतर एकीची उष्णता दुसरीला जाते.

खडकाचे म्हणाल तर आपल्याकडे वर मुरूम, मग कातळ, मध्ये मांजऱ्या (सच्छिद्र, ठिसूळ खडक), कुठे लाल गेरूचा थर आणि पुन्हा कातळ असा क्रम सापडतो. मांजऱ्यात किंवा सांध्यात पाणी वाहत असेल तर बोअर उत्तम काम करील, कारण वाहते पाणी उष्णता घेऊन जाते. सलग कोरड्या कातळात दरवर्षी फक्त उष्णताच टाकत राहिलात तर बोअरभोवतीचा खडक हळूहळू तापत जातो. ताईंच्या स्वीडनमध्ये हिवाळ्यात काढलेली उष्णता उन्हाळ्यात परत भरली जाते. आपल्याकडे काढणारे कुणी नाही, नुसते भरणारेच. म्हणून पाणी तापवण्याचा मुद्दा मलाही फार महत्त्वाचा वाटतो, कारण तेवढी उष्णता जमिनीत जात नाही आणि हिवाळ्यात उलट जमिनीतून निघते.

नवीन बोअर घेणार असाल तर महाराष्ट्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना भूजल कायद्याची वेगळी बंधने आहेत, तेव्हा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून घ्यावे. आणि वापरात नसलेली बोअर, तिच्यात पाइप घाला किंवा घालू नका, तोंडावर पक्के झाकण बसवल्याशिवाय एक दिवसही उघडी ठेवू नका.

हळदीचे_पेव

मी हरिपूरचा. जमीन वस्तू कशी सांभाळते हे आमच्या गावाने पेवांतून पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. अरुंद तोंडाची, खाली रुंद होत जाणारी ही पेवे आमच्या मातीत खोदलेली. हळदीची पोती आत रचून तोंड बंद केले की ऋतू बदलले तरी आतली हवा बदलत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. पेव उघडले की लगेच उतरायचे नसते, कंदील सोडून तो विझत नाही ना हे पाहायचे, हे आम्ही लहानपणीच शिकलो. पण २००५ च्या महापुरात कृष्णा-वारणेचे पाणी पेवांत शिरले आणि भरलेली हळद नासली. तो वास आठवला की आजही पोटात कालवते.

म्हणून सांगली, हरिपूर आणि नदीकाठच्या गावांसाठी माझे म्हणणे असे : येथली गाळाची माती बारमाही ओलसर असल्याने पाइपाला चांगली आहे, आणि जमिनीखालचा बंद पाइप पुराला घाबरत नाही. घाबरते ते यंत्र. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पंप, बोर्ड, टाकी वरच्या मजल्यावर ठेवण्याची सोय असेल तरच हा खर्च करावा.

आडव्या चरांविषयी दादांनी विचारले होते, त्याचे उत्तर कुणी दिले नाही. काळ्या जमिनीत चर खणून पाइप पुरू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती उष्णता बऱ्यापैकी नेते, वाळली की नेत नाही, आणि भेगांमुळे पाइप मातीपासून सुटा पडतो. म्हणजे ज्या एप्रिल-मेसाठी पाइप घातला, नेमक्या त्याच महिन्यांत तो निकामी होणार.

टेबललँड

पाचगणीत आमचे पर्यटकांसाठी १४ खोल्यांचे निवासस्थान आहे. खालच्या मंडळींना घर तापवायची गरज नाही, पण येथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाहुणे हीटर मागतात, अंघोळीला बारा महिने कढत पाणी लागते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गाद्या दमट होतात. १,३०० मीटर उंचीमुळे येथली जमीन वीस अंशांच्या आसपास आहे. एकाच यंत्राने हिवाळ्यात ऊब, वर्षभर पाणी आणि पावसाळ्यात हवेतली ओल काढणे ही तिन्ही कामे होणार असतील, तर साताऱ्यात हीट पंपाची खरी जागा घाटमाथ्यावर आहे असे मला वाटते. मात्र महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे, त्यामुळे बोअरच्या परवानगीचा प्रश्न पहिला. कुणी जमिनीखालून हवेचा मोठा पाइप नेण्याचे सुचवले तर आमच्यासाठी ते नको. गुरुग्रामजवळच्या टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या संकुलात चार मीटर खोलीवर ७० मीटर लांबीचे असे बोगदे आहेत, परंतु आमच्या पावसाळ्यात पाइपाच्या आतच दव धरेल आणि बुरशीचा वास खोल्यांत येईल.

मळ्यातले_घर

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस वही घेऊन बसलो, त्यातून जे निघाले ते मांडतो. चुकत असेल तर सांगावे.

बोअर आणि चर दोन्ही मी सोडून दिले. विहिरीचा हिशेब मात्र वेगळा दिसतो, कारण तिच्या खोदाईचा खर्च आजोबांनी केव्हाच करून ठेवला आहे. पौषात तिच्यात वीस फूट पाणी असते, म्हणजे जवळजवळ तीन लाख लिटर. तेवढे पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ३५० युनिटांची उष्णता लागते. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर ५० युनिटांच्या आसपास उष्णता बाहेर टाकेल. भरलेल्या विहिरीला हे काहीच नाही. मे महिन्यात मात्र पाणी पाच फुटांवर येते, तेव्हा तीच उष्णता पाण्याला दिवसाला अर्ध्या अंशाहून थोडी जास्त चढवील. पण त्या दिवसांत आम्ही रोज विहीर उपसतो. तापलेले पाणी ठिबकमधून घेवड्याला जाते आणि रात्रीतून झऱ्यांचे नवे पाणी भरते. म्हणून विहीर तापून बसणार नाही, असे वाटते.

विहिरीचे पाणी थेट यंत्रात घेणार नाही. आमच्या पाण्याने तपेल्याला महिन्यात पांढरा थर धरतो, कंडेन्सरचीही तीच गत होईल. शिवाय त्यासाठी पाच अश्वशक्तीची मोटर चालवली तर वाचलेली वीज मोटरच खाईल. त्याऐवजी ३२ मिलिमीटरच्या एचडीपीई पाइपाची २०० मीटरची बंद गुंडाळी पाण्यात बुडवायची आणि तिच्यातून लहान पंपाने साधे पाणी फिरवायचे. पाइप बंद असल्याने पाणी उचलायचे नाही, फक्त फिरवायचे आहे. गोठण्याची भीती नसल्याने अल्कोहोलही नको. एसीची उष्णता आधी २०० लिटरच्या टाकीत, मग विहिरीत. हिवाळ्यात उलट विहिरीतून उष्णता घेऊन टाकी तापवायची.

त्याआधी स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेला रुंद पडवी आणि खोल्यांना समोरासमोर खिडक्या, हे वास्तुविशारदांना कालच सांगितले आहे. एवढे केल्यावर दीड टनही लागेल की एक टनात भागेल, हे पाहूनच यंत्र घेईन.

तासगावकर दादा, एकच विचारायचे आहे. गुंडाळी थेट तळाला ठेवू का? मेमध्येही ती पाण्याखाली राहायला हवी.

तासगाव_शीतगृह

तळाला टेकवू नका. दोन-तीन पावसाळ्यांत गाळ साचतो आणि गाळात रुतलेल्या पाइपाभोवती पाणी फिरत नाही. गंजणार नाही अशी चौकट करून गुंडाळी तळापासून दीड फूट वर राहील अशी बसवा, वेटोळ्यांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवा आणि चौकटीला कड्या लावा. गाळ काढायच्या वर्षी ती दोरांनी वर ओढता आली पाहिजे. मोटरचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचे खालचे तोंड) गुंडाळीच्या वरच्या पातळीला ठेवा, म्हणजे उपसा कितीही झाला तरी पाणी गुंडाळीच्या खाली जाणार नाही.